रिकव्हर, री-कव्हर आणि त्यांचे उलटे शब्द : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. इंग्रजीच्या चाचणीत 'रिकव्हर'चा विरुद्धार्थी शब्द विचारला होता. तिने 'अनकव्हर' लिहिलं, ते चूक दिलं आणि बरोबर उत्तर 'लूज' (lose, म्हणजे गमावणं) सांगितलं. तिचं म्हणणं, कव्हरचं उलट अनकव्हर, मग रिकव्हरचं पण तेच. मला तर तिचं पटतं. खरं काय? (एक पालक, सांगली)

उत्तर : 'लूज' हे उत्तर चूक नाही आणि मुलीचं डोकं पण बरोबर दिशेने चाललंय, घोळ आहे तो प्रश्नातच. वाक्य न देता नुसता 'रिकव्हर' टाकायचा आणि उलटा शब्द विचारायचा हे काही खरं नाही. मराठीत कोणी तुम्हाला 'लागणं'चा विरुद्धार्थी विचारला तर काय सांगाल? दिवा लागला तर विझतो, नोकरी लागली तर सुटते, भूक लागली तर भागते, आणि ठेच लागली तर तिला उलट काही नाहीच.

आता मुलीने जे केलं त्याबद्दल. तिने शब्द फोडला, 'री' वेगळा, 'कव्हर' वेगळा, म्हणजे परत झाकणं. हे असं क्रियापद इंग्रजीत आहे, पण ते वेगळं आहे, मधे हायफन देऊन 'री-कव्हर' लिहितात आणि बोलताना 'री' जरा लांबवून त्यावरही थोडा जोर देतात. त्याचं उलट 'अनकव्हर' म्हटलं तर चालतंय. पण चाचणीत जो आला तो बिनहायफनचा, त्यात 'रि' आखूड, जोर फक्त 'कव्ह' वर, आणि त्याचा झाकण्याशी काडीचा संबंध नाही. एकाच गावात एकाच आडनावाची दोन घरं असतात ना, पोस्टमन कायम गोंधळतो पण सोयर-सुतक काही नाही, तसं आहे हे. 'कव्हर' आलं लॅटिनमधल्या 'कोऑपेरिरे' पासून, म्हणजे पूर्ण झाकून टाकणं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत उतरलं. 'रिकव्हर' आलं 'रेकुपेरारे' पासून, म्हणजे परत मिळवणं, तेही फ्रेंचमधूनच आलं पण वाटेत घासलं जाऊन त्याचं तोंड कव्हरसारखं झालं. नंतर विद्वान लोकांनी तोच लॅटिन शब्द परत एकदा थेट उचलला, त्याचं झालं 'रिक्यूपरेट', जे आपण दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाबद्दल वाचतो. म्हणजे रिकव्हर आणि रिक्यूपरेट हे सख्खे, आणि रिकव्हर आणि कव्हर हे नुसते दिसायला सारखे.

आता उलटे शब्द बघू, ते अर्थावर ठरतात. पैसे, वस्तू, जमीन रिकव्हर केली तर उलट 'लूज', आणि कोर्टाच्या भाषेत हक्क गमावला असेल तर 'फॉरफिट'. आजारातून रिकव्हर झाला तर उलट 'लूज' अजिबात बसत नाही, तिथे 'वर्सन' किंवा 'डिटीरिओरेट', म्हणजे तब्येत ढासळणं. आणि बरा होता होता परत आजार आला तर 'रिलॅप्स', ज्याला आपल्याकडे 'दुखणं उलटलं' म्हणतात, टायफॉइड उलटला वगैरे, हा आपला शब्द मला इंग्रजीपेक्षा जास्त आवडतो कारण त्यात सगळं आलंच. तोल जाता जाता रिकव्हर झाला म्हणजे सावरला, उलट पडला, कोसळला. मोबाइलमधले फोटो रिकव्हर केले, उलट? बरेच जण 'डिलीट' म्हणतात पण ते नीट बसत नाही. डिलीट आपण मुद्दाम करतो, आणि फोटो डिलीट न करता पण जातात, फोन पाण्यात पडला की जातात. तिथे परत 'लूज'च.

कर्जाची गोष्ट अजून मजेशीर. बँकेने कर्ज रिकव्हर केलं म्हणजे वसूल केलं, उलट काय तर लोक लगेच म्हणतील 'राइट ऑफ', पेपरवाले पण 'कर्ज राइट ऑफ' आलं की कर्ज माफ झालं असं छापून मोकळे होतात. तसं नाहीये ते. राइट ऑफ म्हणजे बँकेने ते कर्ज आपल्या ताळेबंदातून बाजूला काढलं, कर्जदार देणं लागतोच आणि वसुलीची नोटीस नंतर पण येऊ शकते. माफीला इंग्रजीत 'वेव्ह' म्हणतात, त्यावरून 'वेव्हर', आपल्या राज्यात २०१७ ला आणि २०१९ ला झाली ती कर्जमाफी. तर रिकव्हरचं खरं उलट तिथे वेव्ह, आणि बँकेच्या बाजूने बघितलं तर साधं मराठी 'बुडालं'.

मुलीला सांगा, प्रश्नात शब्द असाच सुटा आला तर जो अर्थ सर्वात जास्त चालतो तो धरायचा आणि 'लूज' लिहायचं. मार्क त्यालाच आहेत.


प्रश्न : आमचं सोफा, खुर्च्या, कारच्या सीट नवीन कापडाने मढवून द्यायचं छोटं दुकान आहे. मुलाने नवा बोर्ड करायला घेतलाय, त्यावर इंग्रजीत 'सोफा रिकव्हरी' लिहितो म्हणतो. बरोबर आहे का? (एक दुकानदार, नाशिक)

उत्तर : थांबवा त्याला. 'सोफा रिकव्हरी' वाचून लोकांना वाटेल की हप्ते थकले तर तुम्ही येऊन सोफा उचलून नेता.

इथेच तर हायफनची गरज पडते. सोफा, छत्री, बिलियर्डचं टेबल, जुनं पुस्तक, ह्यांना नवं कापड नाहीतर नवं वेष्टण घालणं म्हणजे 'री-कव्हर', आणि त्यापासून केलेलं नाम पण 'री-कव्हरिंग' होतं, 'रिकव्हरी' होत नाही. तरी पण बोर्डावर मी हे पण लिहिणार नाही, कारण पेंटर हायफन खातो, खाल्ला नाही तर दोन पावसाळ्यात उडून जातो. तुमच्या धंद्याचा इंग्रजी शब्द 'अपहोल्स्टरी' आहे आणि जुन्यावर परत काम करणं म्हणजे 'रीअपहोल्स्टरी', पण तो उच्चारताना गिऱ्हाइकाची जीभ अडकते. 'सोफा मेकर, कुशन, सीट कव्हर' हे लोकांना कळतं, तेच ठेवा. नुसतं कव्हर शिवून वरून चढवणं वेगळं आणि जुनं कापड खिळे काढून उतरवून, फोम बदलून, नवं ताणून ठोकणं वेगळं, हे गिऱ्हाइकाला कळावं असं वाटत असेल तर खाली मराठीत 'जुने सोफे नव्याने मढवून मिळतील' लिहा. मढवणं ह्या शब्दात ताणून, घट्ट, कायमचं बसवणं हे सगळं आहे, तबल्याची पुडी मढवतात तसं.

हायफनवरून अजून एक, कारण आयटीतल्या एका वाचकाने ह्याच महिन्यात विचारलंय की 'रिझाइन' आणि 'री-साइन' मधे फरक किती. फरक एवढाच की एकात नोकरी जाते आणि दुसऱ्यात परत मिळते. खेळाडूने क्लबशी करार वाढवला तर तो री-साइन झाला, आणि बातमी देणाऱ्याने हायफन गाळला की वाचणाऱ्याला वाटतं गेला सोडून. 'री-सेंट' म्हणजे परत पाठवलं आणि 'रिझेंट' म्हणजे मनात राग धरला, ऑफिसच्या मेलमधे 'आय री-सेंट युवर मेल' लिहिताना मधली आडवी रेघ विसरलात तर साहेब दोनदा वाचतील. 'री-फॉर्म' म्हणजे परत तयार होणं, 'रिफॉर्म' म्हणजे सुधारणा. असे डझनभर तरी निघतील. नियम सोपा आहे, 'परत' हा अर्थ असेल आणि हायफन नसताना वेगळाच शब्द तयार होत असेल तर हायफन द्यायचा, नाहीतर 'रीपेंट', 'रीबिल्ड' ह्यांना गरज नाही.


प्रश्न : गोव्यातल्या इंग्रजी बातम्यांत दर उन्हाळ्यात कुर्डी गाव 'रिसरफेस' झालं असं येतं आणि त्याच पानावर रस्ता पण 'रिसरफेस' झालेला असतो. गाव वर येतं आणि रस्ता झाकला जातो, मग एकच शब्द दोन्हीला कसा? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : हा प्रश्न फार आवडला, कारण परत झाकणं आणि झाकलेलं परत दिसणं हे दोन उलटे अर्थ एकाच शब्दात राहतात हे बऱ्याच इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या पण लक्षात येत नाही.

'सरफेस' म्हणजे पृष्ठभाग. रस्त्याच्या बाबतीत क्रियापदाला कर्म लागतं, कोणीतरी रस्ता रिसरफेस करतो, म्हणजे त्याला नवा पृष्ठभाग देतो. नीट केलं तर आधी मशीनने जुना थर खरवडून काढतात, त्याला मिलिंग म्हणतात, मग झाडून डांबराचं पातळ इमल्शन मारतात म्हणजे टॅक कोट, आणि त्यावर डांबर-खडीच्या गरम मिश्रणाचा साधारण ३० ते ५० मिलिमीटरचा थर टाकून रोलर फिरवतात. (न खरवडता थरावर थर देत गेलं की रस्ता दरवर्षी वर आणि तळमजल्याची घरं दरवर्षी खाली, मग पहिल्या पावसात पाणी कुठे जाणार ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.) ह्या अर्थाचं उलट 'स्ट्रिप' किंवा 'डिग अप', म्हणजे उखडणं, खणणं. आपल्याकडे रिसरफेस झाल्यावर आठवड्याभरात केबलवाले 'डिग अप' करतात तेव्हा दोन्ही शब्द एकाच रस्त्यावर शिकता येतात.

गावाच्या बाबतीत कर्म नाही. गाव स्वतःच पृष्ठभागावर परत येतं. कुर्डी सांगे तालुक्यातलं, साळावली धरणाच्या पाण्याखाली १९८० च्या दशकात गेलं, आणि एप्रिल-मे मधे पाणी उतरलं की घरांचे पाये, वाटा, पडक्या भिंती दिसायला लागतात आणि इकडे तिकडे वसलेले गावकरी तिथे देवाच्या आणि चॅपलच्या उत्सवाला परत जातात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर ह्याच कुर्डीच्या. आमच्याकडे पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ असंच वर येतं, शिखर आधी आणि मग बाकीचं. ह्या अर्थाचं उलट 'सबमर्ज' किंवा 'सिंक', आणि माणसाबद्दल असेल तर 'डिसअपीअर', कारण दहा वर्षं गायब असलेला फरारी पण इंग्रजी पेपरात रिसरफेसच होतो. पुढारी पण होतात.

म्हणजे बघा, पाऊस पडून कुर्डी परत पाण्याखाली जातं तेव्हा ते खरं परत झाकलं जातं, पण तेव्हा 'रिसरफेस' म्हणता येत नाही, आणि रस्ता झाकला की म्हणता येतं. का, तर ह्या शब्दात झाकणं मुळात नाहीच, पृष्ठभाग आहे. रस्त्याला पृष्ठभाग मिळतो, गाव पृष्ठभागावर येतं. वाक्यात कर्म आहे की नाही एवढं तपासा, अर्थ आपोआप कळतो आणि उलटा शब्द पण.


प्रश्न : आमच्याकडे कारखान्याची रिकव्हरी किती बसली ह्यावर सगळं गाव बोलत असतं. ही रिकव्हरी कुठली, वसुलीची का झाकायची? (एक ऊस उत्पादक, शिरोळ)

उत्तर : वसुलीचीच म्हणायची, उसातून साखर वसूल करणं. मराठीत उतारा. १०० किलो उसातून ११ किलो साखर पोत्यात गेली तर रिकव्हरी ११ टक्के, म्हणजे टनाला ११० किलो. तुमचा दर ह्यावरच ठरतो हे तुम्हाला मी काय सांगणार, २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त, आणि ९.५ च्या खाली कितीही गेलं तरी ३२९ रुपये ५ पैसे. त्यातून तोडणी-वाहतूक जाते ती वेगळी.

उलटा शब्द विचाराल तर कारखान्याच्या लॅबच्या कागदावरच छापलेला असतो, 'लॉसेस'. उसात होती ती साखर वजा बगॅसमधे (चोथ्यात) गेली, प्रेसमडमधे (रस गाळल्यावर उरलेल्या गाळात) गेली, मळीत गेली, आणि शेवटी एक ओळ असते 'अनडिटरमाइंड', म्हणजे कुठं गेली त्याचा पत्ता नाही. गावातली अर्धी भांडणं त्या शेवटच्या ओळीवरून असतात. ऊस तोडून दोन-तीन दिवस फडातच पडला की त्यातली साखर आपोआप फुटायला लागते आणि उतारा पडतो, तो तोटा तर काट्यावर येण्याआधीचाच. सातवीच्या पेपरातलं 'लूज' इथे मात्र अगदी चपखल बसतं.


प्रश्न : 'कव्हर' म्हणजे झाकणं तर 'डिस्कव्हर' म्हणजे झाकण काढणं का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : हो, शब्दशः तेच, आणि एके काळी वापर पण तसाच होता. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजी नाटकांच्या रंगसूचनांमधे पात्र पडदा सरकवून मागचं दृश्य 'डिस्कव्हर' करतं, म्हणजे उघडून दाखवतं. हळूहळू ते काम 'अनकव्हर'कडे गेलं आणि डिस्कव्हरकडे शोध लावणं उरलं. जुना अर्थ बुद्धिबळात अजून जिवंत आहे, आपलं मोहरं मधून हलवलं आणि मागच्या उंटाचा नाहीतर हत्तीचा राजाला शह उघडा पडला तर तो 'डिस्कव्हर्ड चेक'.

कव्हरची अजून दोन नातवंडं तुझ्या ओळखीची आहेत. 'कर्फ्यू', फ्रेंचमधे विस्तव झाकणं, रात्री घंटा झाली की चुलीतली आग झाकायची म्हणजे गावाला आग लागणार नाही. आणि 'करचीफ' म्हणजे डोकं झाकायचा रुमाल, मग तोच हातात आला तो हँडकरचीफ. 'कोव्हर्ट' म्हणजे छुपं, ते पण ह्याच घरातलं, आणि त्याचा विरुद्धार्थी 'ओव्हर्ट' लॅटिनच्या उघडणं ह्या शब्दापासून, कॅमेऱ्याचं 'अपर्चर' जिथून आलं तिथूनच.


प्रश्न : मुलांना मराठी शिकवते. 'री-कव्हर'ला एक मराठी क्रियापद सांगा. (एक आई, डब्लिन)

उत्तर : एक नाही मिळणार, आणि एक शोधूही नका. 'पुनराच्छादन' सरकारी पत्रकात ठेवून द्या.

इंग्रजीने 'री' लावलं की झालं काम. आपल्याकडे काय झाकायचं त्याप्रमाणे क्रियापद बदलतं, आणि गंमत म्हणजे 'परत' हा अर्थ बऱ्याच शब्दांत आधीच मुरलेला आहे. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, गवत, पेंढा, झापं नवी घालणं नाहीतर कौलं परतून फुटकी बदलणं, हे दरवर्षीचंच काम असल्यामुळे 'पुन्हा शाकारलं' असं कोणी म्हणत नाही, नुसतं 'शाकारणी झाली का?' जमीन सारवायची, ती पण परत परतच. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करायची, भांडं भट्टीवर तापवून, नवसागर मारून, कथील फिरवून कापसाने पुसून घेतलं की आतून पांढरं लख्ख, आणि ती विरली की आंबट पदार्थ कळकतो म्हणून परत. उशीला अभ्रा घालायचा, गादीला खोळ, पुस्तकाला कव्हर (ह्याला मराठी 'वेष्टण' आहे पण जूनमधे दुकानात जाऊन वेष्टण मागून बघा, तो काय देतो ते), टायरवर रबर चढवायचं म्हणजे रिमोल्ड, भिंतीला गिलावा, आणि तबल्याला पुडी.

मुलांना विरुद्धार्थी शिकवाल तेव्हा एक बघा. अभ्रा काढतात, खोळ उतरवतात, कौलं उतरवतात, म्हणजे तिथे माणूस काहीतरी करतो. पण कल्हई कोणी काढत नाही, ती 'जाते'. रंग 'उडतो', गिलावा 'पडतो', सारवण 'उकलतं', डांबर 'उखडतं'. इंग्रजीचा पेपर काढणारा इथे पण एका शब्दात उत्तर मागेल, तुम्ही मागू नका, मुलांना भांडं हातात देऊन विचारा काय झालं म्हणून, ती बरोबर सांगतील.


प्रश्न : कोविडपासून 'रिकव्हरी रेट' ऐकतोय. त्याचं उलट 'डेथ रेट' ना? (एक वाचक, अकोला)

उत्तर : नाही. जे अजून आजारीच आहेत ते दोन्हीत नसतात, त्यामुळे १०० मधून एक वजा केला की दुसरा मिळतो असं होत नाही.